कोरडा कोळसा

अहवाल साडेतीन पानांचा होता आणि त्यातलं अख्खं दुसरं पान तिच्या वडिलांवर खर्ची पडलं होतं. 'दिवंगत टाकीचालकाने वरिष्ठांची परवानगी न घेता वर्षभर टाकी क्रमांक दोनमध्ये लाकडी कोळशाचा भुगा मिसळला. परिणामी टाकीतील जिवाणूंचा नाश होऊन गॅसनिर्मिती ठप्प झाली. सबब टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी.' खाली तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन भरलेल्या होत्या. तिसऱ्या जागेखाली छापलं होतं, 'रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळा'. म्हणजे ती स्वतः.

"वाचत काय बसलात, मॅडम? औपचारिकता आहे," साहेब म्हणाले. या सांडपाणी केंद्राचे ते मुख्य अभियंता. टेबलावर पेन आडवं ठेवून त्यांनी ते बोटाने तिच्याकडे ढकललं.

"बाबा जाऊन दोन महिने झाले, साहेब. टाकी बिघडली त्याला एक महिना झालाय."

"म्हणजे साठत साठत बिघडली. वर्षभर घालत होते ते." साहेबांचा आवाज मवाळ होता. अंत्ययात्रेलाही ते आले होते आणि शेवटपर्यंत उभे राहिले होते. "हे बघा, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण तपासणी आलीय. कुणाच्या तरी नावावर टाकावं लागतं. जिवंत माणसाच्या नावावर टाकलं तर त्याचं वाटोळं होतं. गेलेल्या माणसाला मेमो लागत नाही. पेन्शनचे कागद झालेत. तुमच्या आईंना कशाचा काही फरक पडणार नाही."

"मला पडतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं हे नेहमीचं होतं. बोलणं संपलं असं वाटलं की ते चष्मा पुसत. "पुढच्या सोमवारी कंत्राटदाराची माणसं येतायत, टाकी उपसायला. दहा दिवस आहेत. सही सावकाश करा, पण करा."

तिने अहवाल उचलला, पेन तिथेच राहू दिलं आणि बाहेर आली.

शहराचं सगळं सांडपाणी या केंद्रात येतं. पाणी वेगळं होतं, खाली गाळ उरतो, आणि तो गाळ दोन बंद टाक्यांमध्ये जातो. कोंबडी जशी अंडी उबवते तशा या टाक्या गाळ उबवतात. आतले जिवाणू तो खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर इंजिन चालतं, इंजिनावर हवेचे पंखे चालतात, आणि पंखे चालले तरच पुढचं पाणी स्वच्छ होतं. सगळ्या केंद्राचा श्वास या दोन टाक्यांवर. बाबा सत्तावीस वर्षं टाक्यांवर होते. ती सहा वर्षांपूर्वी परीक्षा देऊन प्रयोगशाळेत लागली, तेव्हा केंद्रात थट्टा चाले की बाप जे शिजवतो ते लेक चाखून बघते. बाबांना ही थट्टा फार आवडायची. तिला मुळीच आवडत नसे.

कोळशाचं खूळ बाबांच्या डोक्यात शिरलं ते तिच्याचमुळे. प्रयोगशाळेत येणारं एक मासिक ती घरी घेऊन आली होती. चाळलं आणि ठेवून दिलं. वाचायला तिच्याकडे नेहमी काही ना काही असायचंच, उशाला चार पुस्तकं, पिशवीत दोन. बाबांनी ते मासिक उचललं आणि शब्दकोश घेऊन तीन आठवडे त्यातला एकच लेख वाचला. मग एका रविवारी तिला गाठलं.

"टाकीत दोन जातीचे जिवाणू असतात, बरोबर?"

"पुष्कळ जातींचे असतात, बाबा."

"असू देत. पण एक जण गाळ खाऊन आंबट करतो, आणि दुसरा त्या आंबटाचा गॅस करतो. मधली देवाणघेवाण हळू होते, म्हणून सगळं अडतं. कोळसा घातला की ती जलद होते. शेजारणी गॅलरीतून वाटी देतात-घेतात ना, तसं. कोळसा म्हणजे गॅलरी."

रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या केंद्राच्या मागच्या आवारात टाकलेल्या असत. बाबांनी एका पत्र्याच्या पिंपात त्या कोंडून जाळल्या, कोळसा कुटला, चाळला आणि घालू लागले. चार महिन्यांनी दोन नंबरचा गॅस वाढला, एकपंचमांशाने. बाबा आकडे घेऊन प्रयोगशाळेत आले, तेव्हा ती म्हणाली होती, "एकच टाकी, चारच महिने, याला पुरावा म्हणत नाहीत. उन्हाळ्यानेसुद्धा गॅस वाढतो."

"एक नंबर शेजारीच आहे. तिला काय सावलीत ठेवलीय?"

उत्तर नसलं की माणसं जे करतात तेच तिने केलं. म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा ना, बाबा. मला माझं करू द्या." बाबा हसले आणि गेले. त्यानंतर त्यांनी कोळशाचा विषय तिच्यापाशी काढला नाही. पुढे एका सकाळी कामावर जायला बूट घालत असताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्या संध्याकाळी घरी आई ओट्यापाशी मटार सोलत बसली होती. लेकीने अहवालातला तो परिच्छेद वाचून दाखवला. आईने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"नाश? कोळशाने कुणाचा नाश होतो?" ती म्हणाली. "माझी न्हाणीघराची बादली मात्र नासवली होती ह्यांनी."

"कुठली बादली?"

"तुला नाही माहीत? तू तेव्हा त्या प्रशिक्षणाला गेली होतीस. पहिला कोळसा ह्यांनी आधी घरी आणला. बादलीत तुमच्या त्या टाकीतला गाळ, वर कोळशाची पूड, वर झाकण. मी म्हटलं, हे काय आणलंत घरात? तर म्हणे, बुडतो का बघतोय. रोज सकाळी झाकण उघडून बघायचे. बुडेचना मेला. आपला तरंगतोय वर, सायीसारखा. मी नाकाला फडकं लावून आंघोळ करत होते." आई हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता एक शेंग तिच्या हातून ओट्यामागे गेली. "कितीतरी दिवस चाललं ते. मग एकदाचा बुडाला. त्या दिवशी हे असे खूश होऊन बाहेर आले, जसं काही घरात बाळ जन्मलंय. म्हणाले, कोरडा घातला तर सगळा घात होतो. त्याच्या पोटात हवा असते. ती निघून तिथे गाळ शिरला पाहिजे, तरच तो खाली बसतो आणि कामाला लागतो."

लेकीने हातातला अहवाल मिटला.

"काय गं? पांढरी का पडलीस?"

"काही नाही. दमलेय."

ती दमली नव्हती. तिला तो दिवस आठवला होता. रजा संपवून ती कामावर परतली त्याचा दुसरा दिवस. टाकीच्या जिन्याखाली कोळशाची सहा पोती रचलेली होती, प्रत्येकाचं तोंड बाबांच्या गाठीने बांधलेलं. बाबा गाठ मारताना दोरीचं टोक आत खोचत, उलगडायला सोपी जावी म्हणून. पंपवाले काका तिथे उभे होते. पंपघरात बाबांच्या बरोबरीने बावीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी विचारलं, "हे काय करायचं, पोरी?" ती त्या गाठींकडे बघत होती. तिला ती पोती तिथे नको होती. ती म्हणाली, "घालून टाका, काका. त्यांचंच आहे ते."

तेवढंच. ती पुढे निघून गेली, आणि तीन आठवड्यांनी टाकी बिघडली. आजवर ती स्वतःला सांगत आली होती की सहा पोती म्हणजे दीड महिन्याचा खुराक, त्याने काय होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंपघरात गेली. काका वंगणाच्या हातांनी चहा पीत होते.

"काका, त्या दिवशी पोती कशी घातलीत?"

"कशी म्हणजे? तोंड सोडलं आणि उपडी केली."

"सगळी एका दमात?"

"एका दमात कसली? माझा दम दोनदा गेला. जिना केवढा आहे तो." मग तिचा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला. "का गं? तुझ्या बापाच्या हातचा शेवटचा घास होता तो. उरलेला ठेवायचा कसा? मी म्हटलं, पोचू दे सगळा."

"आणि जिन्यामागचे ते झाकणाचे ड्रम?"

"ते? कसला तरी घाण राडा होता त्यांत. काळाकुट्ट. मी स्वच्छ धुऊन ठेवलेत, बघ. तुझ्या बापाची वस्तू, म्हटलं, चकचकीत असावी."

त्या ड्रममध्ये भिजवलेला कोळसा होता, रोज सकाळी एक बादली घालण्यासाठी. काकांनी तो प्रेमाने धुऊन गटारात सोडला होता, आणि कोरडा कोळसा तितक्याच प्रेमाने टाकीत ओतला होता, कारण तिने सांगितलं होतं. तिने आईचं बोलणं काकांना सांगितलं. सहा पोती कोरडी पूड आत तरंगतेय, तिची जाड साय धरलीय. गॅसच्या पाइपाचं तोंड त्या सायीने गुदमरलंय, खालचा गाळ ढवळला जात नाही, म्हणून आंबट होतोय.

काका पंपाच्या चाकाला धरून उभे राहिले. "म्हणजे मी..."

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. रसायनतज्ज्ञ मी आहे."

"ओतली मी ना? माझे पाच महिने राहिलेत. माझ्यावर घाल. आता मला काय फासावर देणार आहेत?"

"पेन्शन अडवतील. काकूंना कुठलं तोंड दाखवू मी?" तिने त्यांच्या कपातला उरलेला चहा मोरीत ओतला, कारण त्यात माशी पडली होती. "ते नंतर बघू. खालचा गाळ वरून फवारायचा पाइप आहे ना टाकीला? फेस मोडायचा?"

"आहे. चार वर्षं चालवलेला नाही. तुंबलाय."

"उघडा."

काकांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग त्यांनी खुंटीवरचा पाना काढला. "बापासारखीच बोलतेस," ते म्हणाले. "तीन अक्षरांत हुकूम."

पाइप उघडायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवसापासून काका आपल्या पाळीत सहा सहा तास टाकीच्या तळचा गाळ उचलून वर, त्या सायीवर फवारू लागले. तिने टाकीचा खुराक निम्मा केला. तो अधिकार प्रयोगशाळेचा होता, त्यासाठी कुणाला विचारायचं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेच्या हातात होती, जी साहेबांच्या लक्षात असूनही नव्हती. टाकीत जिवंत गॅस असताना ती उघडणं म्हणजे मरणाला बोलावणं. म्हणून नियम होता की गाळाच्या आंबटपणाचा आकडा सलग तीन दिवस शून्य पूर्णांक आठ दशांशाच्या वर आहे, असा रसायनतज्ज्ञाचा दाखला असल्याशिवाय झाकणाच्या बोल्टला हात लावायचा नाही. तीन दशांशाच्या खाली टाकी सुखात, आठच्या वर मेली. टाकीच्या अंगाला तीन तोट्या होत्या, वरची, मधली आणि खालची. नमुना मधल्या तोटीचा धरायचा अशी पद्धत होती. अहवाल आला त्या दिवशी मधल्या तोटीचा आकडा एकाहत्तर शतांश होता. आजारी, पण जिवंत.

साहेबांचा फोन चौथ्या दिवशी आला.

"दाखला कुठे आहे, मॅडम?"

"आकडा सहासष्टवर आलाय, साहेब. दाखला होत नाही."

"कुठल्या तोटीचा?"

"मधल्या."

"वरच्या तोटीचा घ्या की. वरची पण टाकीचीच तोटी आहे ना?" मग जरा थांबून, "वरचा किती येतो?"

"त्र्याण्णव."

"मग झालं."

"वरच्या तोटीशी साय आहे. ताप मोजायचा तर थर्मामीटर चुलीत धरत नाहीत, साहेब."

पलीकडे चष्मा पुसला जात असणार.

"तुम्ही शिकलेल्या आहात," साहेब म्हणाले. "वाचता-बिचता. मी तुमच्याशी आडपडदा ठेवत नाही. फाइल वर गेलीय. कंत्राट निघालंय. आता आजारी टाकी बरी झाली म्हणून वर काय तोंड दाखवू? बरी झाली तर माझा अहवाल खोटा ठरतो."

"अहवाल खोटाच आहे."

"तुमच्या वडिलांनी कोळसा घातला नव्हता?"

"घातला होता. त्याने टाकी बिघडली नाही."

"मग कशाने बिघडली?"

हा प्रश्न सरळ होता, आणि उत्तरही तिच्याजवळ तयार होतं. ते फोनवर द्यायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. द्यायचं तर कागदावर, तारीख घालून. "सोमवारी सांगते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती बाबांवर पुष्कळ चिडली. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस नसला की चीड किती मोकळेपणी येते, याचं तिला नवल वाटलं. मला का नाही सांगितलंत, की आधी भिजवतो? एवढं एक वाक्य. मग तिचं तिलाच कळे की सांगायला ते आलेच होते. आकड्यांचा कागद हातात धरून प्रयोगशाळेच्या दारात उभे होते, आणि तिने त्यांना त्यांचं काम करायला पाठवलं होतं. या विचारापाशी आली की ती उठून परीक्षानळ्या धुवायला लागे. त्या धुतलेल्याच असत.

मधल्या तोटीचा आकडा एकसष्ट झाला, मग चोपन्न. एक दिवस जागचा हललाच नाही, आणि काकांनी त्या दिवशी कुणाशी बोलणंच टाकलं. दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस आला. रविवारी सुट्टी असूनही दोघं आली. टाकीच्या पत्र्याला कान लावून काका म्हणाले, "बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"गुडगुडतेय. अजीर्ण सुटल्यावर माणूस जसा मोठ्याने ढेकर देतो आणि लाजत नाही, तसं."

तिनेही कान लावला. आत दूर कुठेतरी काहीतरी सरकत होतं, फुटत होतं, पुन्हा सरकत होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. पत्रा उन्हाने तापला होता आणि गालाला चटका बसत होता, तरी.

सोमवारी सकाळी कंत्राटदाराचा ट्रक आला. मागे मोठा उपसापंप, जाड रबरी नळ्यांची वेटोळी आणि सहा माणसं. साहेब आले. अहवालावर आधीच सही केलेले दोघे उपअभियंते त्यांच्या मागे होते आणि दोघेही जमिनीकडे बघत होते. ती तीन चंचुपात्रं घेऊन टाकीच्या पायथ्याशी उभी होती. काका तोटी सोडायला तयार होते.

"नमुने तुमच्यासमोरच काढते," ती म्हणाली. "तिन्ही तोट्यांचे. वरचीसुद्धा."

तिने नमुने काढले आणि सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. तिथे बसायला दोनच स्टुलं होती. साहेब एकावर बसले, दुसरं रिकामंच राहिलं, कारण उपअभियंत्यांपैकी कुणी बसायचं हे ठरेना. आम्ल थेंबाथेंबाने सोडत, रंग बदलताना बघत, ती एकेक आकडा फळ्यावर लिहीत गेली. खालची तोटी, चौतीस. मधली, अडतीस. वरची, सत्तावन्न.

"वरचीही आता आठ दशांशाच्या खाली आहे," ती म्हणाली. "गॅसचं मीटर तुम्ही येताना बघितलंच असेल. कालपासून एक नंबरच्या पुढे आहे."

त्यांनी बघितलं होतं. साहेबांनी चष्म्याला हात लावला नाही.

तिने खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि तुम्ही विचारलं होतंत, टाकी कशाने बिघडली. हे माझं लेखी निवेदन. सहा पोती कोरडा कोळसा एकाच दिवशी टाकीत गेला. तारीख दिलीय. टाकीचालक वारल्यानंतरची तारीख आहे. घालायला मी सांगितलं. कोरडा कोळसा तरंगतो हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं."

"पोती मी..." दारातून काका म्हणाले.

"काका, मधली तोटी गळतेय. बंद करून या."

"गळत नाहीये."

"बघून या."

काका दारातून हलले नाहीत. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग दोघा उपअभियंत्यांना त्यांनी नजरेनेच बाहेर घालवलं.

"मी तुम्हाला वाचवत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला कळतंय ना? हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. तुमचं रेकॉर्ड कोरं आहे. पुढे बढती आहे. आणि तुम्ही आपल्या हाताने..."

"दुसऱ्या पानावर माझ्या वडिलांबद्दल जे लिहिलंय ते काढा, साहेब. काढून माझ्या नावावर चढवा. मी जिवंत आहे. मला मेमो लागतो."

"आणि नाही काढलं तर?"

"तर हे निवेदन तपासणी अधिकाऱ्यांना जाईल. पोच घेऊन ठेवलीय आवक खिडकीवरून, सकाळीच. आणि टाकी उघडायचा दाखला मी देणार नाही. आज नाही, तुम्ही बदली केलीत तर जायच्या दिवशीही नाही. हा आकडा कुणीही मोजला तरी अडतीसच येणार आहे."

साहेब उठले. दारापाशी काका उभे होते. त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं, ते आपणहून झाले नाहीत.

ट्रक दुपारी परत गेला. जाण्याआधी त्या सहा माणसांनी टाकीच्या सावलीत बसून आपले डबे खाल्ले आणि त्यातल्या एकाने काकांना विचारलं की आतून येतो तो आवाज कसला. काकांनी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्यात एक-दोन गोष्टी बरोबरही होत्या.

मेमो बारा दिवसांनी आला. 'गंभीर निष्काळजीपणा.' तिची प्रयोगशाळेतून सहा महिन्यांसाठी जाळीघरात नेमणूक झाली होती. शहराचं पाणी केंद्रात प्रथम शिरतं ते जाळीघरात. चिंध्या, कंगवे, बाहुल्यांचे हात, सगळं तिथे अडकतं. एकदा दातांची कवळी सापडली होती आणि तिचा मालक ती शोधत आलाही होता. तिथला वास कपड्यांतून निघत नाही. शिवाय लेखी परवानगीशिवाय कुठल्याही टाकीत कोळसा घालायला बंदी झाली होती. तिने मेमोवर सही केली, खाली तारीख घातली, आणि आस्थापनेच्या कारकुनाकडे दुरुस्त अहवालाची प्रत मागितली.

"तुमच्यावर ठपका आहे त्याच्यात," कारकून म्हणाला. "स्वतःवरच्या ठपक्याची प्रत मागायला आजवर कुणी आलेलं नाही."

"मी आलेय ना. शिक्का मारून द्या."

शिवाय तिने आणखी एक कागद आवक खिडकीवर दिला. टाकी क्रमांक एकमध्ये, रीतसर तुलना करून, लाकडी कोळसा घालण्याच्या परवानगीचा अर्ज. गेल्या सोमवारीही दिला होता, तो 'विचाराधीन नाही' असा शेरा मारून परत आला होता. खिडकीतल्या बाईंनी न विचारताच पोच दिली.

घरी आईने हात पुसून चष्मा लावला आणि दुरुस्त अहवाल पहिल्यापासून वाचायला घेतला. ती हळू वाचायची, ओठ हलवत. दुसरं पान झालं, तिसरं झालं. मग ती मागे आली आणि दुसरं पान पुन्हा बघितलं.

"ह्यात ह्यांच्याबद्दल कुठे आहे?"

"कुठेच नाही. म्हणून तर आणलाय."

आईने पानावरून हात फिरवला, जिथे लेकीच्या हुद्द्याखाली निष्काळजीपणा वगैरे लिहिलं होतं तिथूनही. "सगळं तुझ्यावर घेतलंस."

"माझंच होतं."

"ते चिडले असते तुझ्यावर."

"माहीत आहे."

"ह्याच्यासाठी नाही गं. कोरडा घातलास म्हणून."

लेकीला हसू आलं, आणि मग बराच वेळ ती हसत होती की काय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आईने तिला थांबवलं नाही, पाणीही आणून दिलं नाही. कागद सरळ घडी करून कपाटात, बाबांच्या नेमणुकीच्या पत्राखाली ठेवला आणि परत येऊन समोर बसली.

"परवानगी मिळाली की बारा दिवस भिजवीन," लेक शेवटी डोळे पुसत म्हणाली. "पक्का बुडेपर्यंत."

"नऊ पुरतात," आई म्हणाली. "रोज एकदा ढवळायचा मात्र."